पहिला कान एतकचा

होसियत ओपाच्या, म्हणजे होसियतताईच्या, डोक्याच्या रुमालाला नेहमी तीन-चार पिना खोचलेल्या असायच्या, आणि त्यांतली एकही केसांसाठी नसायची. एकीनं ती रेडिओचं अडकलेलं बटण कोरून काढायची, एकीनं इस्त्रीची तार खरवडायची, आणि एकीनं तिनं आमच्या पाटाच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरचे कान तपासले होते. त्या कानांपायी आमचं एतक गाव वाळून जायची वेळ आली आणि तिच्याचमुळे ते वाचलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोक अर्धीच सांगतात म्हणून मला बोलावं लागतं.

मी रिसोलत. एतकची सून, आणि पाटाच्या कचेरीत चहा करणारी. झाडू मारते, समोवार पेटवते, आणि बाकीचा वेळ सगळ्यांचं बोलणं ऐकते. त्यामुळे कुणी काय म्हटलं ते मला नीट ठाऊक आहे.

पाटातून गावाकडे पाणी वळतं त्या तोंडाला आमच्याकडे कान म्हणतात. आमच्या पाटाला असे आठ कान, एकेका गावाचा एक. नदीलगतचं गाव बोश, म्हणजे डोकं. सगळ्यात खालचं आमचं एतक, म्हणजे झग्याचा घेर, जो चिखलात लोळतो तो. पण मोजायचं मात्र खालून. एतकचा कान पहिला, बोशचा आठवा, आणि पाण्याची पाळीही त्याच क्रमानं सुरू होते. डोक्याला पाणी न बोलावता मिळतं, शेपटीला ते बोलवावं लागतं, असं जुनी माणसं म्हणायची. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आई कुठली आणि मावशी कुठली हे जसं कळतं, तसं हे कळतं.

म्हातारे मिराब होते तोवर सगळं ठीक चाललं होतं. मिराब म्हणजे पाणी वाटून देणारा. काठावर उभं राहून नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, कुठल्या कानात किती पाणी चाललंय. ते वारले आणि मग दर पाळीला फावडी उगारायची वेळ यायला लागली. तेव्हा वरून हुकूम आला की आता कॉम्प्युटर पाणी मोजेल. प्रत्येक कानाशी एक पेटी बसवली. तिच्यात तरंगता डबा, पाणी चढलं की तो वर, उतरलं की खाली. टेलिफोनच्या जुन्या खांबांवरून तारा ओढून आठही पेट्यांची बातमी कचेरीपर्यंत आणली. आणि मग कळलं की कॉम्प्युटरला मागे अशा तारा खोचायला दोनच भोकं आहेत.

"आठ गावं बोलणार आणि ऐकायला दोन कान," मी म्हटलं. "आमच्या घरी तरी निराळं काय असतं?"

शहरातून कार्ड आलं. हिरव्या पाटीवर काळे किडे चिकटवल्यासारखं दिसायचं. त्याच्या मागून एक जाड वायर निघायची आणि पुढे तिला आठ फाटे फुटायचे. शहरातला इंजिनियर जावलोन याने प्रोग्रॅम लिहून पाठवला होता. पण स्वतः यायला त्याला सवड नव्हती. कार्ड बसवणार कोण? सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं.

होसियत ओपा पूर्वी तारघरात होती. तारघर बंद पडलं तेव्हा बाकीच्या बायका घरी बसल्या. हिनं बाजाराच्या मागच्या अंगाला एक खोपटं घेतलं आणि लोकांचे पंखे, रेडिओ, शिलाई मशीन दुरुस्त करायला लागली. नवरा रशियात बांधकामावर, वर्षातून एकदा यायचा. घर मोठ्या दिराच्या हुकमात. आणि तो दीर म्हणजे दुसरा-तिसरा कोणी नव्हे, आमच्या पाटसंघाचा रईस, म्हणजे अध्यक्ष, अब्दुमन्नोप अका; अका म्हणजे दादा. दोघं बोशचे. हे ध्यानात ठेवा.

कार्ड बसवायला आली त्या दिवशी तिनं आधी घड्याळ काढलं, मग अंगठी काढली, मग खिडकीखालच्या लोखंडी नळाला दोन्ही हात लावून उभी राहिली.

"नळाशी काय कुजबुजताय, ओपा?" मी विचारलं.

"अंगातली वीज उतरवतेय गं. कपड्यांची ठिणगी या कार्डाला लागली तर ते जन्माला यायच्या आधीच मरेल."

बिस्मिल्ला म्हणून तिनं कार्ड खाचेत दाबलं. कॉम्प्युटर सुरू केला तर तो कानावर हात ठेवून बसला, मला काही दिसलंच नाही म्हणे. तिनं बंद केला, कार्ड काढलं, त्याच्या पायाची पिवळी टोकं खोडरबरानं घासली, शेजारच्या खाचेत बसवलं. या वेळी त्यानं ओळख दिली. मग तिनं चकती घालून कार्डाची भाषा त्याला शिकवली, आणि पडद्यावर एकाखाली एक आठ नवी नावं आली. एक आणि दोन हे नंबर त्याच्याकडे आधीचे होते, म्हणून नव्यांना त्यानं तीन ते दहा असे नंबर दिले.

"झालं?" मी म्हटलं.

"नाव सांगितलं म्हणजे कान ऐकतो असं नाही. माझ्या दिराचंच बघ."

रुमालातली पिन काढून तिनं ती वाकवली आणि पहिल्या फाट्याच्या दोन काड्यांना जोडून धरली. मग पडद्यावर टाइप केलं, सलाम. लगेच खाली उमटलं, सलाम. पिन काढली, पुन्हा टाइप केलं. काहीच नाही. "बघ, बोलायच्या काडीतून गेलेलं पिनेवरून ऐकायच्या काडीत परत येतंय. आपला आवाज आपल्याला ऐकू आला की कान शाबूत." आठही फाट्यांना तिनं असा सलाम घातला आणि आठही फाट्यांनी परत केला. मला इतकी गंमत वाटली की समोवार उतू गेला. मग पेट्यांचा वेग आणि कॉम्प्युटरचा वेग तिनं जुळवला, कारण एक घाईघाईनं बोलतो आणि दुसरा सावकाश ऐकतो तेव्हा नुसता कचरा उमटतो. सगळ्यात शेवटी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून तारा फाट्यांत खोचल्या. पहिली एतकची, आठवी बोशची. आणखी कशा खोचणार? मी शेजारी उभी होते. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

जावलोननं फोनवरून आपला प्रोग्रॅम चालू करून दिला. पडद्यावर गावांची नावं आणि पाण्याचे निळे खांब उभे राहिले. रईसांनी पुलाव घातला. "आता फावडी घरी ठेवा," ते म्हणाले, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

सरतान लागला, उन्हाळ्याचा तो ऐन भाजणारा काळ, जेव्हा आमची खरबुजं पाणी मागतात. एतकच्या पाटात टाचही बुडेना. पण पडद्यावर एतकचा निळा खांब सगळ्यांत उंच, आणि बोशचा जमिनीला. रईसांनी निवाडा दिला, एतक जास्त प्यायलंय, एतकचा कान बंद. कुलूप लागलं. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, कुलूप लावूनही पडद्यावर एतक पितंच आहे, आधीपेक्षा जास्त!

"चोरवाट खणलीय यांनी!" रईस ओरडले. "कुलपातूनही पितात. पाणीचोर!"

तिकडे बोशमध्ये वांग्यांच्या वाफ्यांत बेडूक ओरडत होते. ते सगळ्यांना दिसत होतं, पण फुकटचं पाणी कुणाला बोचतं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी कचेरीत बसून रोज ऐकल्या. माझा नवरा नोरमत चोरवाट नाही हे दाखवायला रईसांना हाताला धरून न्यायला आला, तर ते म्हणाले, "तुझ्या डोळ्यांपेक्षा माझा पडदा खरा." त्या दिवशी नोरमत जेवला नाही. आमच्या वेलांची पानं दुपारी कागदासारखी चुरचुरत होती. आणखी थोडे दिवस आणि मग पाणी मिळालं काय, न मिळालं काय, सारखंच.

मी शेतातलं एक ढेकूळ उचललं, रुमालात बांधलं आणि बोशला होसियत ओपाच्या घरी गेले. ती अंगणात नानसाठी कणीक मळत होती. ढेकूळ मी तिच्या परातीशेजारी आपटलं.

"हे घे, तुझ्या कार्डाचं पीक! दिराच्या वांग्यांसाठी आमच्या पोटावर पाय दिलास? सलाम घालत होतीस ना त्या भोकांना? आमच्या वेलांना घाल आता, जनाज्याचा!"

आणखीही बरंच बोलले. ते इथे सांगण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही मला परत घ्यायचा नाही. रागाच्या भरात मी 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरले आणि नंतर कधी वर चढले नाही.

तिनं मला अडवलं नाही. ढेकूळ बोटांनी चुरलं. नुसती राख. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. तिच्या टोमॅटोच्या वाफ्यात तिची चप्पल रुतलेली होती.

"रिसोलत," ती हळूच म्हणाली, "पडद्यावर बोश किती?"

"कोरडं ठणठणीत. तुझा दीर रोज रडतो."

"आणि माझ्या दारात चिखल." कणीक तशीच ठेवून ती उठली. "तू एतकला जा. पेटीचं झाकण उघड आणि मी सांगेन तेव्हा डबा हातानं वर उचल. मी कचेरीत पडद्यासमोर बसते."

नोरमतच्या मोटरसायकलवरून मी एतकच्या पेटीशी पोचले. तळाशी चिखलाचा पापुद्रा, त्यावर डबा कोरडा पडलेला. मोबाईल कानाशी धरला.

"उचल."

"उचलला!"

"पार वर?"

"अगं बाई, आता काय डोक्यावर घेऊ?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "एतक हललं नाही, रिसोलत. बोश चढलं."

मला काही कळेना. तिनं तिथूनच जावलोनला दुसरा फोन लावला. ती काय विचारत होती ते मला ऐकू येत होतं. "बाळा, तू पहिलं गाव कुठून मोजलंस?" पोराचं उत्तरही तिनं मला सांगितलं, "नदीपासून, ओपा. आणखी कुठून मोजणार?" त्याचंही बरोबरच. नकाशा बघून मोजणारा माणूस नदीपासूनच सुरुवात करील. त्याच्या प्रोग्रॅममध्ये तीन नंबर बोशचा आणि दहा नंबर एतकचा. हिनं पहिल्या फाट्यात एतक खोचलेलं, आणि पहिल्या फाट्याचा नंबर तीन. म्हणजे आमची तहान बोशच्या नावावर मांडली जात होती आणि बोशचं पाणी आमच्या. मधली गावं थोडी इकडे थोडी तिकडे, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी कचेरीत परतले तर तिथे अब्दुमन्नोप अका आधीच येऊन उभे होते. तिनं त्यांना बोलावून सगळं सांगितलं होतं. मी दाराशी थबकले, समोवारच्या आडोशाला.

"मग अडलंय कुठे, केलिन?" ते म्हणत होते. केलिन म्हणजे सून, आणि सून कितीही म्हातारी झाली तरी केलिनच. "तारा उलट्या कर. दोन मिनिटांचं काम. उद्यापासून आकडे बरोबर येतील, मी कुलूप काढीन. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि एतकचं नाव?"

"कुठलं नाव?"

"पाणीचोर. आज गुपचूप तारा फिरवल्या तर उद्या पडद्यावर एतक एकदम कोरडं पडेल. लोक म्हणतील, बघा, पकडले गेले म्हणून चोरवाट बुजवली. आयुष्यभर म्हणतील. त्यांच्या मुलींना स्थळ आलं तरी म्हणतील."

"आणि उद्या लोक तुला काय म्हणतील? तुझ्या खोपट्यात इस्त्री तरी कुणी आणून देईल का?"

"नाही आणणार कदाचित."

"घराण्याचा तरी विचार कर. मी तुझा मोठा दीर आहे."

आमच्याकडे सून मोठ्या दिराचं नाव घेत नाही, त्याच्यासमोर आवाज चढवत नाही. होसियतनंही चढवला नाही. खाली मान घालून ती म्हणाली, "मोठे अका, तारांना मी हात लावणार नाही. चूक आहे तशी ठेवणार. आधी सगळे बघतील, मग दुरुस्त करीन. सांगावे मी धाडलेत."

मला तेव्हाच तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं होतं. पण हातात किटली होती.

संध्याकाळी आठही गावांची माणसं कचेरीच्या अंगणात जमली. तिनं पडदा खिडकीत आणून ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. एतकची माणसं एका बाजूला दाटून उभी होती. त्यांच्याशेजारी कोणी उभं राहत नव्हतं.

"मोठे अका," ती म्हणाली, "तुमच्या थोरल्या मुलाला फोन करा. तो बोशच्या पेटीपाशी उभा आहे. त्याला डबा वर उचलायला सांगा."

रईसांना सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. त्यांनी फोन लावला. "उचल रे," ते गुरगुरले.

पडद्यावर एतकचा खांब सरसर चढला आणि छताला लागला.

मग मागून आमचा नोरमत ओरडला, "धरा, धरा! एतकनं पुन्हा चोरलं!"

हशा असा फुटला की झाडावरच्या चिमण्या उडाल्या. "हात बोशचा आणि नाव एतकचं!" "अहो रईस, तुमच्या पोराला आमच्या गावात दत्तक दिलंत का?" हातच्या कांकणाला आरसा कशाला! ज्यांनी आम्हाला चोर म्हटलं होतं तेच सगळ्यात जोरात हसत होते. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

हसू ओसरल्यावर ती पुढे आली. "एतकनं थेंबभरही चोरलेला नाही. तारा मी खोचल्या. शहरातल्या पोरानं वरून मोजलं, मी खालून मोजलं, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. विचारायचं काम माझं होतं, कारण शेवटचा हात माझा होता. कार्डाचे आठही कान मी तपासले आणि ते कुणाचे आहेत ते तपासायचं राहून गेलं. एतकवाल्यांनो, माझ्यामुळे तुम्हाला नाही नाही ती बोलणी ऐकावी लागली, पोरांनी मान खाली घातली. मला माफ करा."

पन्नाशीची बाई, छातीवर हात ठेवून, अख्ख्या पाटासमोर वाकली. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं पुढे होऊन तिला सरळ केलं. मी रडले. का लपवू?

रईसांनी मग तोंड उघडलं. "बरं, आता तारा उलट्या कर आणि संपव."

"तारा आहेत तिथेच राहतील," ती म्हणाली. "उद्या मी नसेन तेव्हा याच पाटाचा कोणी माणूस इथे हात घालील, आणि तोही पहिला कान एतकचाच समजेल. नंबर मशीनचे बदलू. शिकायचं असेल तर त्यानं शिकावं."

तिथेच बसून तिनं ते केलं. एका नंबरावर दोन कान बसत नाहीत. म्हणून आधी एतकच्या फाट्याला कुठलासा लांबचा नंबर देऊन बाहेर काढायचं, बोशला तीनवर आणायचं, मग एतकला रिकाम्या झालेल्या दहावर बसवायचं. लहान खोलीत दोन पेट्यांच्या जागा बदलताना एक आधी अंगणात ठेवतो, तसं. आठही फाट्यांच्या जोड्या तिनं अशाच फिरवल्या, प्रत्येक वेळी त्या-त्या गावच्या माणसाला डबा उचलायला लावून. मीच तिला चहा पाजत राहिले. पडद्यावर खरं चित्र उभं राहिलं तेव्हा एतक जमिनीला होतं आणि बोश सगळ्यांत उंच. त्याच संध्याकाळी आमचं कुलूप निघालं आणि बोशच्या कानाला लागलं.

"आता तुझे टोमॅटो वाळतील, केलिन," जाताना रईस म्हणाले.

"वाळू देत. माझा नंबर आठवा आहे, मोठे अका. रांगेत आहे मी."

टोमॅटो खरंच वाळले. आणि तिचं खोपटं? थोडे दिवस तिथे माशा होत्या. मग एतकच्या बायका एकेक करून जायला लागल्या, चांगल्या चालणाऱ्या इस्त्र्या घेऊन. "ओपा, जरा बघ गं, हिच्यातून आवाज येतो." इस्त्रीतून कधी आवाज येतो का? तिलाही कळायचं. उघडून पुसून परत द्यायची.

आमच्या वेलांपैकी निम्मे जगले. पहिलं खरबूज उतरलं ते नोरमत बाजारात नेणार होता. मी म्हटलं, हात लावशील तर याद राख, आणि ते कापडात गुंडाळून होसियतच्या घरी नेलं. अंगणातल्या तख्तावर सगळं कुटुंब बसलेलं, वरच्या जागी अब्दुमन्नोप अका. मला बघून त्यांनी दाढी कुरवाळली. होसियतनं खरबूज हुंगलं.

"कुठल्या कानाचं?"

"पहिल्या," मी म्हटलं.

तिनं फोडी केल्या. आमच्याकडे पहिली फोड घरातल्या वडीलधाऱ्याची. अकांनी हात पुढे केलासुद्धा. पण ती ताट घेऊन खालच्या टोकाला गेली, जिथे सगळ्यात धाकटी नातसून बसली होती, आणि तिथून एकेक फोड देत वर यायला लागली. अकांचा हात तसाच हवेत.

"हे काय, केलिन? घरातही शेपटीपासून?"

"आपल्याकडे पहिल्यापासून असंच आहे ना, मोठे अका?" ती खाली मान घालून म्हणाली आणि पुढची फोड दिली.

ताट त्यांच्यापर्यंत पोचलं तेव्हा देठाकडची एक बारकी फोड उरली होती. त्यांनी ती उचलली, उलटसुलट करून बघितली, आणि सालीपर्यंत खाल्ली.